मदत हवी आहे: मानेमुळे विंचमनचं काम सोडावं लागेल का?

हेलिकॉप्टर रेस्क्यूमध्ये ११ वर्षं विंचमन (केबलवरून खाली उतरून माणसांना वर आणणारा) आहे, वय ३८, अजून निदान १५ वर्षं याच लाइनमध्ये काढायचीत. अडचण मानेची. रात्रीच्या कामाला हेल्मेटवर नाइट व्हिजन गॉगल म्हणजे पुढच्या बाजूला अर्धा किलोच्या आसपास वजन, त्यात केबलवर लटकून सारखं वर-खाली बघायचं, दुसऱ्या दिवशी गाडी रिव्हर्स घेताना मान वळत नाही.

केलंय काय: फिजिओ ४ महिने, मानेचे व्यायाम चालू आहेत, हेल्मेटला मागून काउंटरवेट लावून बघितलं (तोल सुधारतो पण एकूण वजन वाढतंच ना). एमआरआय नॉर्मल, हाताला मुंग्या नाहीत. गुंगी आणणारी गोळी घेऊन उडता येत नाही, त्यामुळे तो उपाय सांगू नका प्लीज. ऑफिसातलं काम नकोय, पॅरामेडिकचं ट्रेनिंग झालंय.

आता विंच ऑपरेटर (हेलिकॉप्टरमध्ये थांबून केबल वर-खाली करणारा) व्हायची संधी आलीय, पण तोही दारातून वाकून सतत खालीच बघतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात?

ज्यांनी चाळिशीनंतर ही बदली केलीय त्यांनी सांगा, मानेला खरंच आराम पडला का, की सरळ ट्रेनर व्हावं?