सकाळी थंडीत गाडी सुरूच होत नाही, दुपारी एका बटणात होते. मदत हवी आहे (घाई आहे)

उशीर_झालाय (सोमवार, रात्री ९:१४)
चार दिवस झाले, रोज तोच तमाशा. सकाळी सातला सेल्फ मारतो, इंजिन फिरतंय फिरतंय, पण पकडत नाही. मग किक. पंचवीस-तीस किका झाल्या की घाम मला फुटतो, गाडी थंड ती थंडच. दुपारी तीच गाडी, तीच चावी, एका बटणात चालू. टाकीत पेट्रोल आहे (आधीच सांगून ठेवतो). किल स्विच बरोबर आहे (तेही). उद्या काहीही करून वेळेवर पोचायचंय, त्यामुळे "मेकॅनिककडे न्या" हे सोडून काय ते सांगा.

अर्धाव्होल्ट (९:२०)
बॅटरी. पुढचा प्रश्न?

काळी_काजळी (९:२६)
गाडी कुठली, किती सीसी, कार्ब (पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर) की इंजेक्शन? चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा खटका) ओढता का? सेल्फ जोमात फिरतो की रडत रडत? प्लग काढून पाहिलात का? नाडी न बघता औषध कुठलं देणार?

तेलकट (९:३१)
तेल कुठलं टाकलंय ते आधी बघा. डब्यावर २०डब्ल्यू-५० लिहिलं असेल तर तिथेच घोडं पेंड खातंय. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं तेल गारठ्यात पातळ राहतं. सकाळच्या थंडीत २० वालं मधासारखं होतं, क्रँक (इंजिनाचा फिरणारा दांडा) त्यात रुतून बसतो. गाडीच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० चालतं असं दिलं असेल तर तेच भरा. मी दरवर्षी बदलतो, मला हा त्रास कधीच नाही.

अर्धाव्होल्ट (९:३८)
@तेलकट, तेल घट्ट झालं तरी ते घुसळायला ताकद बॅटरीच देते ना? लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता शून्य अंशाला साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते. आतली रासायनिक क्रियाच मंदावते. म्हणजे इंजिन जड झालं आणि ढकलणारा अशक्त झाला, दोन्हीकडून मार. मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या वर हवं. १२.२ दिसलं तर बॅटरी निम्मी रिकामी समजा. आणि सेल्फ दाबलेला असताना आकडा ९.५ च्या खाली गेला तर तिला निरोप द्या.

फ्युएलइंजेक्टेड (९:४५)
चावी फिरवल्या फिरवल्या बटण दाबू नका. दोन-तीन सेकंद थांबा, टाकीतून पंपाचा सूंऽ आवाज येतो, तो थांबला की दाबा. लाइनमध्ये दाब तयार व्हावा लागतो. आवाजच येत नसेल तर पंपाचा फ्यूज बघा. थंडीत जास्त पेट्रोल किती द्यायचं हे इंजिनाचा तापमान सेन्सर ठरवतो, तो चुकीचं वाचत असेल तरी हेच होतं. आणि बॅटरी पूर्ण मेलेली असताना धक्का मारत बसू नका. पंपाला आणि ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वीजच नसेल तर दम फुकट जातो.

उशीर_झालाय (९:५२)
पंपबिंप काही नाही हो, कार्बवाली आहे. १५० सीसी, एअर कूल्ड. नावाने काय फरक पडतो, सगळी इंजिनं सारखीच. सेल्फ नेहमीसारखाच फिरतो, जोरात. बॅटरी दीड वर्षाची. चोक अर्थातच ओढतो, हँडलवरचा खटका पूर्ण, आणि सोबत थोडी रेसही देतो. त्याशिवाय गाडी सुरू कोण करतं?

फ्युएलइंजेक्टेड (९:५५)
मग हे आधी लिहायचं. एवढं टंकलं मी.

काळी_काजळी (१०:०३)
सेल्फ नेहमीच्या जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी आणि तेल दोन्ही मागच्या रांगेत. इंजिन फिरवण्यापुरतंच त्यांचं काम. (बॅटरी फार खचली तर ठिणगीही अशक्त होते, म्हणून मीटर लावून बघाच. पण माझा संशय तिच्यावर नाही.)

रेस मात्र बंद करा. हँडलवरून केबलने चालणारा चोक असेल तर कार्बच्या आत बहुतेक पितळी प्लंजर असतो. खटका ओढला की तो वर उचलला जातो आणि पेट्रोलची एक वेगळी वाट उघडते. त्या वाटेतून पेट्रोल ओढलं जातं ते थ्रॉटलच्या (रेस दिल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या) मागच्या निर्वातामुळे. रेस दिली की निर्वात पडतो, आणि चोक असून नसल्यासारखा. ओढा, मूठ पूर्ण सोडा, मग बटण दाबा.

जुनाट_किक (१०:१२)
चाळीस वर्षं चोक ओढून पाव मूठ रेस देतोय, प्रत्येक गाडी सुरू झालीय. ही नवीन शास्त्रं आम्हाला नका शिकवू. आमच्या टू स्ट्रोकला तर कार्बवरची कळ दाबून धरायची, बोटाला पेट्रोल लागेपर्यंत. मग चावी न लावता दोन किका, मग चावी लावून एक. भुर्र. आजच्या पोरांना किक मारता येत नाही हा खरा आजार आहे. पायाला दाब लागेपर्यंत किक हळू खाली आणायची, तो ओलांडायचा, किक वर सोडायची आणि मग एकच पूर्ण लाथ. हे पंचवीस अर्धवट लाथा मारतात.

काळी_काजळी (१०:१९)
काका, तुमचंही खरं आहे, पण ते दुसऱ्या चोकबद्दल. तुमच्या काही गाड्यांत कार्बच्या तोंडावर पत्र्याची झडप असायची. ती हवाच अडवायची, त्यामुळे थोडी रेस चालून जायची. प्लंजरवाल्यात नाही चालत.

जुनाट_किक (१०:२२)
झडपच बरी होती. दिसायची तरी.

हातमोजे (१०:३०)
थंडीत चालवताना मोज्यांच्या आत पातळ रेशमी मोजे घाला, बोटं आखडत नाहीत. व्हायझरवर वाफ धरते त्यासाठी आतून साबणाचा बारीक थर देऊन कोरड्या कापडाने पुसा. आणि टायरमधली हवा बघत जा, तापमान उतरलं की तीही कमी भरते.

उशीर_झालाय (१०:३३)
सुरू झाली तर चालवेन ना!

सायकलच_बरी (१०:४१)
सायकल घ्या. चोक नाही, प्लग नाही.

टॅपेट_टकटक (१०:५०)
कोणी बोललं नाही म्हणून सांगतो, टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा भाग). गॅप शिल्लक नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं, आणि त्याचा पहिला त्रास थंड इंजिनालाच होतो. लोक समजतात टॅपेट वाजला म्हणजे बिघडला. वाजणारा परवडला, गप्प झालेला वाईट. गॅप किती हवा ते गाडीच्या पुस्तकात असतं, बहुतेक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. आणि मोजायचा तो इंजिन पूर्ण गार असताना.

काळी_काजळी (१०:५८)
मुद्दा पटला, यादीत ठेवूया. पण आधी फुकटातली चाचणी. उद्या सकाळी चोक पूर्ण, रेस शून्य, दहा किका. नाही झाली तर लगेच प्लग काढून टोक बघा. ओला आणि पेट्रोलचा वास येतोय, तर पेट्रोल पोचतंय आणि घोळ ठिणगीचा किंवा कॉम्प्रेशनचा. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. यावर अर्धा धागा निकालात निघेल.

गरमपाणी (११:०७)
कार्बवर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं दोन मिनिटं गुंडाळा. थंड धातूवर पेट्रोलची वाफ नीट होत नाही, थेंब थेंबच राहतात, आणि जळते ती वाफ. माझी गाडी अशीच सुरू होते. नाहीच झाली तर प्लगच्या भोकात थोडं पेट्रोल ओता.

टॅपेट_टकटक (११:१०)
ओतायला कोण सांगतंय? सांडलेल्या पेट्रोलजवळ प्लगची वायर उघडी राहिली आणि कोणी बटण दाबलं तर गाडी भलत्याच रीतीने गरम होईल. फडकं ठीक आहे. ओतू नका.

उशीर_झालाय (मंगळवार, सकाळी ७:४८)
नाही झाली. रिक्षाने चाललोय, म्हणून लिहायला वेळ आहे. शेजाऱ्याचा मीटर आणला होता. उभी असताना १२.५, सेल्फ दाबल्यावर १०.६. रेस न देता दहा किका, वर पाच माझ्या मनाच्या. प्लग काढला. कोरडा ठणठणीत. वासही नाही. फडकं पण केलं, हात भाजले.

अर्धाव्होल्ट (८:०२)
१२.५ म्हणजे पूर्ण चार्ज नाही. नोंद असावी.

जेटजेट (८:१५)
प्लग कोरडा? पायलट जेट (स्लोला, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं तेव्हा, पेट्रोल देणारी बारीक नळी) तुंबला. त्याचं भोक केसाएवढं असतं, पेट्रोल साचून सुकलं की आतून चिकट थर धरतो. कार्ब खोला, क्लीनर मारा, दाबाच्या हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठं होतं.

काळी_काजळी (८:२१)
पायलट तुंबला असता तर गरम झाल्यावरही स्लोला बंद पडली असती. @उशीर_झालाय, दुपारी सिग्नलला गाडी स्लो नीट पकडते का?

उशीर_झालाय (१:३४)
एकदम नीट. मिसिंग नाही, काही नाही. म्हणून तर डोकं फिरतंय.

काळी_काजळी (१:४०)
मग आत्ता एक करा. गरम गाडी स्लोवर उभी ठेवा आणि चोक पूर्ण ओढा. इंजिनाचा आवाज बदलायलाच हवा. एकतर रेस वाढेल, नाहीतर घुसमटून बंद पडायला येईल. काय होतं ते सांगा.

उशीर_झालाय (२:०५)
काहीच होत नाही. ओढला, सोडला, परत ओढला. आवाज तोच. पण चोकचा प्रश्न नसावा, खटका उत्तम आहे. सर्व्हिसिंगनंतर तर इतका हलका झालाय की करंगळीने सरकतो. आधी कडक होता, सोडला की स्वतःच मागे यायचा.

काळी_काजळी (२:०७)
सर्व्हिसिंग?? कधी? त्यात कार्ब खोलला होता का?

उशीर_झालाय (२:११)
अडीच महिने झाले. हो, कार्ब साफ केला म्हणाले. पण तेव्हापासून मस्त चालत होती, त्रास आत्ता चार दिवसांचा. म्हणून सांगितलं नाही.

टॅपेट_टकटक (२:१४)
अरे देवा.

काळी_काजळी (२:२६)
तेव्हा गारठा नव्हता. उन्हाळी हवेत चोकशिवाय सुरू होत असेल, त्यामुळे तो मेलाय हे तुम्हाला कळायला अडीच महिने लागले. केबलचं टोक प्लंजरच्या खाचेतून निसटलंय किंवा बसवलंच नाही, असं मला वाटतं. खटका कडक होता तो आतल्या स्प्रिंगमुळे. आता स्प्रिंगला कोणी ओढतच नाही म्हणून लोण्यासारखा सरकतो.

कार्बच्या बाजूला जिथे चोकची केबल आत जाते तिथे छोटा नट असतो, बऱ्याच गाड्यांत प्लॅस्टिकचा. आधी पेट्रोल कॉक बंद करा, इंजिन गार होऊ द्या. नट पान्याने आवळून-पिळून फोडू नका, हलक्या हाताने सुटतो. बाहेर केबल, स्प्रिंग आणि प्लंजर एकत्र यायला हवेत. नुसती केबल आली तर चोर सापडला.

जुनाट_किक (२:३१)
म्हणून म्हणतो, झडप दिसायची तरी.

जेटजेट (२:३८)
खोलताय तर पायलट जेटपण बघून घ्या.

काळी_काजळी (२:४०)
नको. एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

उशीर_झालाय (संध्याकाळी ७:२०)
नट सोडला. हातात आली केबल, स्प्रिंग आणि रिकामं टोक. प्लंजर आत तसाच बसलेला, नाकाने टोकरून काढावा लागला. म्हणजे नाकाच्या पक्कडीने, हसू नका. केबलच्या टोकाचा मणी खाचेत अडकवायचा तर स्प्रिंग बोटाने दाबून धरावी लागते, आणि ती माझ्या बोटातून दोनदा उडून गाडीखाली गेली. टॉर्च घेऊन शोधली. आता खटका कडक आहे, सोडला की मागे येतो. प्लंजरच्या खालच्या रबरावर गोल वण पडलाय, चालेल का?

काळी_काजळी (७:२९)
वण चालतो, चीर नको. चीर असेल तर चोक आत ढकलल्यावरही पेट्रोल झिरपत राहील, गाडी धूर टाकेल आणि जास्त पिईल. आज मुद्दाम गरम करून सुरू करू नका, सकाळीच बघा.

उशीर_झालाय (बुधवार, सकाळी ७:०६)
दुसऱ्या बटणाला सुरू!! रेस न देता. पहिल्याला नुसती खोकली. मिनिटभरात चोक अर्धा आणि मग पूर्ण आत घातला. निघालो. सगळ्यांचे आभार, काकांचेही.

हातमोजे (७:१५)
अभिनंदन. मोजे?

उशीर_झालाय (९:३१)
पोचलो. वेळेआधी. मोजे हवे होते.

अर्धाव्होल्ट (९:४०)
पाच सकाळी सेल्फ रगडलाय आणि गाडी फार चाललेलीही नाही. १२.५ तेच सांगत होते. बॅटरी चार्जरला लावा. तिच्यावर ॲम्पिअर-अवर लिहिलेले असतात, त्याच्या दहाव्या भागाच्या करंटने, म्हणजे ९ असेल तर ०.९ ॲम्पिअर. जास्त घाई नको.

उशीर_झालाय (९:४४)
लावतो, बाबा. रविवारी.