उ: एमजीबीचा गिअर टाकताना खरखर

तुमच्या एमजीबीत, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये, गिअर टाकताना खरखर येते म्हणून वर एकांनी गिअरबॉक्स उघडायचा सल्ला दिलाय. कळकळीने सांगतो, इतक्यात नको. एमजीबीत त्यासाठी इंजिनासकट सगळं बाहेर काढावं लागतं. तुमची गाडी १९६६ची, म्हणजे पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर जुळण्याआधी दोन्ही भागांचा वेग सारखा करणारी रचना) नाहीच. चालत्या गाडीत पहिला टाकला तर खरखरणारच.

पण उभ्या गाडीत रिव्हर्स टाकतानाही आवाज येतो असं तुम्ही लिहिलंय, ते महत्त्वाचं. क्लच दाबून पाच-सहा सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. आधी पेडलजवळची क्लेव्हिस पिन (पेडलला दांडी जोडणारी छोटी खीळ) काढून बघा. झिजलेल्या पिनेला मधोमध खाच पडते, पेडलचं गोल भोक लांबट होतं, आणि तेवढ्यानंही स्लेव्ह सिलिंडरची (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर) दांडी कमी सरकते. फार जणांचं दुखणं इथेच असतं.

न्यूट्रलमध्ये घरघर आणि क्लच दाबताच शांत, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. दाबल्यावरच आवाज, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवताना त्यावर दाबलं जाणारं बेअरिंग. चौथ्यात घरघर बरीच कमी होत असेल तर लेशाफ्टवर (बाकीचे गिअर ज्याच्यामार्फत फिरतात तो गिअरबॉक्समधला दुसरा दांडा) संशय घ्या, कारण चौथा थेट जोडलेला असतो, लेशाफ्टवर भार येत नाही.

आणि कुणी ९० नंबरचं गिअर ऑइल ओतलं असेल तर आधी ते काढा. या गिअरबॉक्सला २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच लागतं.