पातळ जर्मन धिरड्यांचा नेमका शब्द कोणता?

प्रश्न : आमची सून जर्मन, माहेर ड्रेस्डेनचं. तिची आजी तवाभर पातळ धिरडी करायची, वर सफरचंदाचा शिजवलेला गर आणि दालचिनी-साखर. आजी गेली, कृती कुणी लिहून ठेवली नाही, आणि सुनेला डोहाळे लागलेत ते नेमके याच धिरड्यांचे. ‘जर्मन पॅनकेक’ शोधलं की ओव्हनमध्ये टम्म फुगलेला प्रकार येतो. ‘फानकूखन’ शोधलं तर कुणी धिरडी दाखवतं, कुणी जॅम भरलेले तळलेले गोळे. काय म्हणून शोधू?

उत्तर : ताई, ओव्हनमधला प्रकार अमेरिकेतला. तिथे त्याला ‘डच बेबी’ही म्हणतात. फानकूखनचा घोळ जर्मनीतलाच आहे. बहुतेक प्रांतांत तो शब्द पातळ धिरड्याचा, पण बर्लिन आणि सॅक्सनीत फानकूखन मागितलं की तो जॅमचा गोळाच मिळतो. त्या गोळ्याला इतरत्र ‘बर्लिनर’ म्हणतात, बव्हेरियात ‘क्राप्फन’. तुमच्या सुनेचं ड्रेस्डेन सॅक्सनीतच, तिथे धिरड्याला ‘आयरकूखन’ म्हणतात, म्हणजे अंड्याचा केक. ऑस्ट्रियात तेच ‘पालाचिंकन’. स्वाबियात त्याच्या पट्ट्या कापून सुपात घालतात, त्या ‘फ्लेडले’. पण प्रांताचा शब्द काहीही असो, आजी स्वतः काय म्हणायची ते सुनेला विचारा. कृती त्याच नावाखाली सापडेल.

प्रश्नकर्ती : विचारलं. आजी ‘प्लिन्झन’ म्हणायची. तिचं बालपण बाउत्सनजवळच्या खेड्यात गेलं.

उत्तर : मग झालंच की! बाउत्सन म्हणजे लाउझित्स, सोर्ब लोकांचा मुलूख. सोर्ब भाषा स्लाव्ह कुळातली, जर्मनमध्ये हा शब्द तिकडून आला, रशियन धिरड्यांच्या ‘ब्लिनी’ या नावाचा नातलग. शब्दाबरोबर कृतीही बदलते. आयरकूखनमध्ये मैदा, दूध, अंडी आणि मीठ, आंबवण काही नाही. प्लिन्झन मात्र पुष्कळदा यीस्ट घालून फुगवतात. आजीच्या धिरड्याला जाळी पडायची का?

प्रश्नकर्ती : हो! सून म्हणते, जाळी पडायची, आणि आजी पीठ शेगडीजवळ झाकून ठेवायची.

उत्तर : मग यीस्टचीच. २५० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर कोमट दूध, २ अंडी, चमचाभर साखर, चिमूट मीठ आणि ताजं यीस्ट २० ग्रॅम, किंवा कोरड्याची ७ ग्रॅमची एक पुडी. तासभर उबेला ठेवा. पीठ फुगून बुडबुडे आले की तव्यावर पातळ पसरा आणि दोन्ही बाजूंनी नीट भाजा. डोहाळकरणीला अंडं कच्चं राहून चालायचं नाही. जर्मनीत ‘बुटरश्माल्झ’ वापरतात, ते आपलं तूपच. तिकडे राहणारी मराठी मंडळी तूप म्हणून तेच विकत घेतात.

आणखी एक : मराठीत धिरडंच म्हणावं, घावन नको. घावन तांदळाचं. आंबोळी आंबवलेली खरी, पण तीही तांदूळ-उडदाची. गव्हाची गोड धिरडी आपल्याकडे गूळ घालून करतातच. मैदा-दूध-अंड्याच्या साध्या आयरकूखनला सगळ्यात जवळचं गोव्यातलं ‘आलेबेले’, फक्त त्यात ओलं खोबरं आणि गूळ भरून गुंडाळी करतात.

प्रश्नकर्ती : सुनेला आता आठवलं, पीठ थोडं काळपट असायचं. ते कशानं?

उत्तर : बकव्हीटनं, म्हणजे कुट्टूच्या पिठानं. लाउझित्समध्ये ते प्लिन्झनमध्ये घालायची जुनी रीत आहे. आपल्याकडे उपासाच्या जिन्नसांत मिळतं. निम्मा मैदा काढून तेवढं कुट्टू घाला. त्यात ग्लुटेन नसतं, त्यामुळे धिरडं उलटताना तुटतं. पहिल्यांदा लहान आकाराचीच टाका.