सकर मासा तलावात सोडू नका

वर एका ताईंनी विचारलंय की घरच्या काचेच्या टाकीत न मावणारा सकर मासा (तोंडाने काचेला चिकटून शेवाळ खाणारा शोभेचा मासा) ठाण्यातल्या उपवन तलावात सोडला तर चालेल का. ताई, कृपा करून सोडू नका. गेल्या वर्षी आमच्या शेजाऱ्यांनी तो मासुंदा तलावात सोडायला बादलीत भरला होता, मी जिन्यातच अडवलं.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. दुकानात बोटाएवढा असतो, पुढे हातभर होतो. तळावरचं शेवाळ खरवडताना इतर माशांची चिकटलेली अंडीही त्याच्या पोटात जातात. अंगावर चिलखतासारखे खवले आणि परांना काटे, म्हणून त्याला गिळणारं फारसं कोणी नाही. पाण्यातला प्राणवायू संपला तरी वर येऊन हवा गिळतो आणि जठरातून श्वास घेतो. म्हणजे विसर्जनानंतर वा उन्हाळ्यात गुदमरून आपले मासे मरतील, हा उरेल. विणीसाठी नर मातीच्या काठात खोल बिळं करतो, मग काठ ढासळतो. आंध्रात तर मच्छीमारांची जाळी यानं फाडली आहेत.

दुकानदार परत घेतो का विचारा, नाहीतर मोठी टाकी असलेलं कुणी शोधा. तोवर तो माझ्याकडे ठेवायला आनंदाने तयार आहे, मी वर्तकनगरलाच राहतो.