मदत हवी आहे: ठाणे खाडीत जायला भरतीची कुठली वेळ धरावी?

मंडळी, मी सोलापूरचा, हिप्परगा तलाव आणि उजनीच्या काठावर दर हिवाळ्यात शेकाटे, तुतवार, टिलवे असे चिखलात चरणारे पाणपक्षी बघतो, पण तिथं पाणी रोज वर-खाली होत नाही त्यामुळं भरती-ओहोटीची सवयच नाही. जानेवारीत ऐरोलीहून बोटीनं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात जायचंय, वडील सोबत आहेत, एकच फेरी होईल. ओहोटीला पक्षी चिखलात लांब पांगतात आणि पाणी चढलं की उरलेल्या जागेत दाटी करतात एवढं माहितीये, मग पूर्ण भरतीच्या किती आधी बोट धरावी? मला फ्लेमिंगोपेक्षा पाणटिवळे (लांब चोचीचे, चिखलात चरणारे पक्षी) जवळून बघायचेत, पार सायबेरियाकडून उडत येतात ओ ते! ८ बाय ४२ ची (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरेल का? हलत्या बोटीत स्कोपचा (स्टँडवर लावायच्या एका डोळ्याच्या मोठ्या दुर्बिणीचा) उपयोग होतो का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.