मदत हवी आहे: कमी दाबाचा पट्टा दापोलीच्या बाजूने चाललाय, आई-अण्णांना पुण्याला आणू का?

(२२ मे २०२५)
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका पोटात घाला. मी पुण्यात असते, आई आणि अण्णा दापोलीजवळ गावी, समुद्र घरापासून चालत दहा मिनिटं. बातम्यांत सांगतायत की कर्नाटक-गोव्यासमोर अरबी समुद्रात कमी दाब तयार झालाय, तो उत्तरेकडे सरकणार आणि त्याचं डिप्रेशन होणार. अण्णांना फोन केला तर म्हणे, "ते बाजूने जातंय गो, तौक्ते वादळ नाय का गेलं, तसंच." आणि माझ्या डोळ्यासमोर निसर्ग चक्रीवादळ. ३ जून २०२०, पडवीचे पत्रे उडून शेजाऱ्यांच्या माडांत जाऊन अडकले, सुपारीची अर्धी बाग आडवी, लाईट कधी आली ते विचारूच नका, आणि चार दिवस ते दोघं कसे आहेत हेच कळेना कारण फोन सगळे बंद.

तर बाजूने जाणार असेल तर खरंच घाबरायचं कारण नसतं का, डिप्रेशन म्हणजे निसर्गसारखं काही असतं की नुसता पाऊस, आणि मी शनिवारी गाडी घेऊन ताम्हिणीतून जाऊन दोघांना घेऊन यावं का (अण्णा गाय-वासराला सोडून येणार नाहीत हे माहितीये, तरी विचारतेय). आगोट (पावसाळ्याची बेगमी) भरून झालीय पण कौलं परतायची राहिलीत, लाकडं अजून खळ्यात आणि आईची कोकमं वाळत पडलीत.

गलबत:
ताई, आधी एक, हा पट्टा नाही, कमी दाबाचं क्षेत्र आहे. बातम्यांवाले सरसकट पट्टाच म्हणतात, चालायचंच.
डिप्रेशन म्हणजे वारा ताशी ३१ ते ५० किमी. त्यावर डीप डिप्रेशन, आणि ६२ च्या पुढे गेलं की चक्रीवादळ, नाव मिळतं ते तिथे. निसर्गचा वारा किनाऱ्यावर येताना ११०-१२० होता, त्याच्याशी याची तुलना नको.
पण अण्णांचं "बाजूने जातंय" हे अर्धंच खरं. आपल्याकडे हे वारे घड्याळाच्या उलटे फिरतात. ते समुद्रातून उत्तरेकडे चाललं की आपला किनारा त्याच्या उजव्या हाताला येतो, म्हणजे दक्षिणेकडचा दमट वारा थेट आपल्या अंगावर, आणि मागे सह्याद्री उभाच आहे ढग अडवायला. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईला बाजूनेच गेलं आणि रात्री गुजरातेत उन्याजवळ किनाऱ्याला लागलं, तरी कुलाब्याला वारा ११४ आणि सांताक्रूझला २४ तासांत २३० मिमी पाऊस. शिवाय अंदाजाच्या नकाशात पुढे पुढे रुंद होत जाणारा जो पंखा दिसतो ना, त्या रुंदीत ते कुठूनही जाऊ शकतं. मधली रेघ बघून बसू नका.

हर्णैकर:
बंदरावर बावटा (वादळाच्या इशाऱ्याची खूण) कितीचा लावलाय ते अण्णांना विचारायला सांगा. तीन नंबर म्हणजे बंदरावरच वादळी वारा यायची शक्यता. आणि आमच्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत शिरायला लागल्या की समजायचं, वेगळं काय बघायला नको.
शनिवारी येऊ नका. यायचं तर उद्या सकाळीच निघा नायतर तिथेच बसा, भर पावसात घाटात दरड आली तर ते दोघं तिकडे आणि तुम्ही मधेच.

माडाखाली:
पत्र्याचे जे-हुक आवळून घ्या, वर वाळूची पोती दोरीने एकमेकांना बांधून टाका, सुटी ठेवलीत तर तीच खाली येतात. गोठ्यावरच्या फांद्या आजच तोडा. वारा वाढला की गाईचं दावं सोडून ठेवायला सांगा, बांधलेलं जनावर अडकतं. फोन, बॅटऱ्या चार्ज, आणि टाकी भरून ठेवा कारण लाईट गेली की पंप पण गेला.

(धागाकर्ती, २४ मे रात्री)
सगळ्यांचे आभार, गेले नाही. भावकीतल्या दोन मुलांनी काल पत्रे आवळून दिले आणि फांद्या उतरवल्या. आणि बघा, आज दुपारी ते रत्नागिरी-दापोलीच्या मधेच किनाऱ्यावर चढलं! पत्रे जागेवर आहेत, एक फांदी राहिली होती ती गोठ्यावर पडली पण गाय बाहेर होती. लाईट नाही, शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलणं झालं. अण्णांना म्हटलं बाजूने जाणार होतं ना, तर म्हणे, "पावणा वाटेने चाललेला, चहाला आत आला नि गेला, त्यात काय एवढं."

कोकमं मात्र सगळी भिजली. आज केरळात मान्सून पण आला म्हणतात, म्हणजे आता ऊन विसराच. भिजलेली कोकमं चुलीच्या वर टांगून सुकतात का, की टाकून द्यायची? आई विचारतेय.