राजा तोच, ड्यूकही तोच. मग श्लेस्विगसाठी १८६४चे युद्ध का झाले?

दादरचा विद्यार्थी:
प्रशिया या जर्मन राज्याचा पंतप्रधान बिस्मार्क याचा काळ अभ्यासताना मी एका जागी अडलो आहे. डेन्मार्कचा राजाच श्लेस्विग आणि होल्स्टाइन या दोन्ही डचींचा (ड्यूकच्या अमलाखालच्या मुलुखांचा) ड्यूक होता. असे असताना नोव्हेंबर १८६३मध्ये त्याने श्लेस्विगला डेन्मार्कच्या राज्यघटनेखाली आणले, तर त्यात कोणाचे काय हिरावले गेले? मला हे सारे प्रशियाने शोधलेले निमित्त वाटते. माझ्या पुस्तकाने या युद्धाची बोळवण दीड परिच्छेदात केली आहे.

गिरगावकर:
राजा एकच असला, तरी त्याच्या डोक्यावरच्या पगड्या वेगळ्या होत्या. आपल्याकडे एखाद्या घराण्याकडे एका परगण्याची देशमुखी आणि दुसऱ्या मुलखाची जहागीर असे, पण दोन्ही सनदांच्या अटी सारख्या नसत. तसेच काहीसे हे होते. होल्स्टाइन जर्मन राज्यसंघात होते, श्लेस्विग नव्हते. श्लेस्विगच्या उत्तरेत डॅनिश बोलणारे होते, दक्षिणेत जर्मन. त्यात १४६०मध्ये रिबे येथे दोन्ही मुलूख कायम अविभक्त राहतील असे वचन दिले गेले होते, आणि चारशे वर्षांनंतरही जर्मन पक्ष त्याच कागदावर बोट ठेवत होता. या वादावर १८४८ ते १८५१ एक युद्ध होऊन गेले. १८५२च्या लंडन करारात ख्रिश्चनला डेन्मार्कच्या गादीचा वारस मानले गेले, आणि त्याच तडजोडीत श्लेस्विगला होल्स्टाइनपेक्षा आपल्या अधिक जवळ न जोडण्याचा शब्द डेन्मार्कने दिला. १५ नोव्हेंबर १८६३ रोजी सातवा फ्रेडरिक निपुत्रिक वारला आणि १८ तारखेला नवव्या ख्रिश्चनने नव्या घटनेवर सही केली. ज्या तडजोडीने त्याला गादी दिली, तीच त्याने तिसऱ्या दिवशी मोडली. कोपनहेगनमधील लोकमताचा दबाव मोठा होता हे खरे, पण शब्द मोडला हेही तितकेच खरे.

मुलुंडकर:
गिरगावकरांशी सहमत, मात्र ‘निमित्त’ हा शब्द मी पूर्णपणे खोडणार नाही. जर्मन जनतेला डचींच्या गादीवर ऑगस्टेनबर्गचा राजपुत्र हवा होता. बिस्मार्कने त्याची बाजू न घेता १८५२च्या कराराचा आधार घेतला. त्यामुळे ऑस्ट्रिया सोबत आला आणि ब्रिटनला आक्षेपाला जागा उरली नाही. जुलै १८६३मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान पामर्स्टन याने संसदेत सांगितले होते की डेन्मार्कवर हात टाकणाऱ्याला एकट्या डेन्मार्कशी लढावे लागणार नाही. प्रत्यक्षात मदतीला कोणीच गेले नाही. ब्रिटनच्या युवराजाची पत्नी अलेक्झांड्रा ही ख्रिश्चनचीच मुलगी, पण राणी व्हिक्टोरियाचा कल प्रशियाकडे होता. (आपल्या इंदिरा डॉकचे जुने नाव अलेक्झांड्रा डॉक, ते तिच्यावरूनच.)

ठाण्याहून एक वाचक:
युद्धाबद्दल थोडे. १ फेब्रुवारी १८६४ रोजी प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजांनी श्लेस्विगच्या सीमेवरची आयडर नदी ओलांडली. डॅनेविर्कची प्राचीन तटबंदी डॅनिश लोकांच्या अभिमानाचा विषय होती, पण तिच्या बाजूंचे रक्षण करणारी दलदल आणि खाडी थंडीने गोठली होती, म्हणजे शत्रूला वळसा घालून मागे येण्याची वाट मोकळी झाली होती. डॅनिश सेनापती द मेझाने ५ फेब्रुवारीच्या रात्री ती सोडली. बर्फातून, निसरड्या रस्त्यांवरून तोफा ओढत सैन्य मागे हटले. माझ्या मते निर्णय योग्य होता, तरी त्याला पदावरून दूर केले गेले. मग १८ एप्रिलला ड्युबोल येथील डॅनिश मोर्च्यांवर हल्ला झाला. सकाळी दहा वाजता तोफा थांबल्या, प्रशियन पायदळ खंदकांतून बाहेर पडले आणि पुढच्या फळीचे बुरूज सुमारे अर्ध्या तासात पडले. प्रशियन शिपाई आडवा पडून बंदूक भरू शकत होता, तर डॅनिश शिपायाला नळीच्या तोंडातून बार ठासावा लागत होता.

दादरचा विद्यार्थी:
आभारी आहे. मग भाषेनुसार वाटणी कोणी सुचवली नाही का? सीमाप्रश्न ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला पहिल्यांदा तेच सुचते.

गिरगावकर:
सुचवली होती. त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत श्लेस्विग विभागण्यावर चर्चा झाली, पण रेषा कोठे ओढायची यावर ती २५ जूनला फिसकटली. चार दिवसांनी प्रशियाने आल्स बेट घेतले, आणि ३० ऑक्टोबरच्या व्हिएन्ना तहात डेन्मार्कने डचींवरचा हक्क सोडला. रेषा अखेर १९२०च्या सार्वमताने ठरली: उत्तर भाग डेन्मार्ककडे गेला, फ्लेन्सबर्गसह दक्षिण भाग जर्मनीत राहिला.